जागृत दाजी

गावाला निघालेला माणूस फार तर कोपऱ्यावरून एकदा परत येतो, कुलूप ओढून बघतो आणि मुकाट्याने रिक्षात बसतो. आमच्या दाजींना ती सोय नाही. त्यांचं घर न्यू जर्सीत, एडिसनला. आणि ते स्वतः डिसेंबरच्या सुट्टीत सासुरवाडीला, पुण्यात. म्हणून ते दर दहा मिनिटांनी फोनमध्ये कुलूप ओढून बघतात.

नात्याने ते माझे साडू. पण बायको दाजी म्हणते, मेव्हणा दाजी म्हणतो, म्हणून मीही दाजीच म्हणतो. एडिसनच्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत साडेचारशे लिटर खारं पाणी आहे, आणि त्या पाण्यात जिवंत प्रवाळ. त्याला माशांची पेटी म्हटलं की ते दुखावतात, रीफ म्हणायचं. ही हौस त्यांना पुण्यात करता आली नसती. दगडी सांगाड्याचं प्रवाळ 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मी त्यांना म्हटलं, "दाजी, इथे तुम्ही घरात वाघ पाळल्याबद्दल आत गेला असता." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "वाघ सोपा. लाईट गेली म्हणून वाघ मरत नाही."

माणूस हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण त्यांचं शास्त्र पक्कं आहे. मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी त्यांचं काही बिघडत नाही. पाणी हलायचं थांबलं तर मात्र काही तासांत त्यातला प्राणवायू संपत येतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एक पंप कायम तयार. हीटर बंद पडेल ही आपल्यासारख्यांची भीती. दाजींना भीती आहे ती बंद न पडणाऱ्या हीटरची. थर्मोस्टॅटचे पॉइंट आतल्या आत चिकटले की तो तापतच राहतो, आणि सकाळी रश्शाची तयारी झालेली असते. म्हणून एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान. एक मेला तर दुसरा निभावून नेतो, एक चिकटला तर एकट्याच्या अंगात तेवढं पाणी तापवायची ताकद नाही. दोघांवर एक कंट्रोलर. कंट्रोलरवर दाजी.

आणि सगळ्यांवर गोगलगाय. ही त्यांनीच विकत आणलेली, काचेवरचं शेवाळ खायला. पाणी वाफ होऊन उडतं पण मीठ मागेच राहतं, म्हणून उडालेल्याइतकं गोडं पाणी आपोआप भरणारी एक मोटर आहे. मोटर चालू-बंद करायला तरंगता स्विच. गोगलगाय त्या स्विचवर जाऊन बसली. तिच्या वजनाने तो खाली गेला, मोटरला वाटलं पाणी आटलंय, आणि ती ओतत राहिली. तेव्हापासून गोड्या पाण्याचा डबाच इतका लहान ठेवलाय, की सगळा ओतला गेला तरी खारटपणा फारसा ढळू नये. वीज गेली की वरचं पाणी पाइपातून उलटं तळघरातल्या टाकीत उतरतं. त्यात हवा शिरून धार तुटावी म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक भोक पाडलेलं. त्या भोकात कोण बसलं असेल? दाजींचा राग देवावर नाही, वीज कंपनीवर नाही. गोगलगायीचं नाव काढलं की मात्र त्यांचा आवाज चढतो.

निघण्याआधी ते स्वतःच्याच घराचा मेन स्विच पाडून काय काय बंद पडतं ते वहीत लिहितात. सवय इतकी अंगात मुरलेली, की पुण्यात आल्यावर त्यांनी सासऱ्यांच्या घरचाही मेन पाडला. इन्व्हर्टर चालतो का ते बघायचं होतं. नाही चालला. सासूबाईंची मालिका ऐन वेळी गेली आणि जावयाबद्दलचा आदर त्या संध्याकाळपुरता खाली आला.

खाणं टाकायला शेजारचा एक मराठी तरुण नेमलाय. दाजींच्या मते यंत्रापेक्षा मायाळू माणूस घातक. "बिचारे भुकेले दिसतात" म्हणून तो मूठभर टाकतो, उरलेलं कुजतं, पाणी नासतं. म्हणून औषधाच्या गोळ्यांच्या डबीत एकेका वाराचा खुराक मोजून ठेवलेला. बाकीचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली दाजींबरोबर पुण्यात.

अशा माणसाला सासूबाईंनी शनिशिंगणापूरला न्यायचं ठरवलं. निमित्त दर्शनाचं, पण घरांना दारं नाहीत असं गाव बघून जावयाचा जीव थोडा सैल पडेल, हा आतला हेतू.

घोडेगावला महामार्ग सोडून वळलो, तसे मोटारसायकलवरचे लटकू, म्हणजे दुकानांचे दलाल, मागे लागले. पार्किंग इकडे, पूजेचं ताट इकडे. त्याच वेळी दाजींच्या फोनवर निरोप आला: संपर्क तुटला. आकडे गेले, कॅमेरा काळा. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. शेजारी फोन उचलेना. दाजींचा चेहरा बघून सासूबाईंनी विचारलं, "शेवटचा ताप किती होता?"

"अठ्ठ्याहत्तर फॅरनहाइट."

"अगंबाई! मग गारच पडलंय की पोर."

गावात घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. शनिमहाराज राखण करतात, चोराला तेच बघून घेतात, ही श्रद्धा. साडेपाच फुटांची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी. तिलाही छप्पर नाही. भाविक हात जोडतात. दाजी चौकटी तपासत होते.

"रात्री कुत्रं शिरलं तर?" त्यांनी एका दुकानदाराला विचारलं.

"फळी लावतो ना साहेब आडवी. कुत्री लई हायेत."

दाजींच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. मग मेव्हण्याने त्यांना युको बँकेची हकिगत सांगितली. 2011 च्या जानेवारीत निघालेली ही देशातली पहिली बिनकुलपाची शाखा. दार काचेचं. पण त्याला सहज न दिसणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप आहे, असंही वर्तमानपत्रांत आलं होतं. 2010 साली एका भाविकाने गाडीतला ऐवज गेल्याची तक्रार केली होती, आणि 2015 मध्ये गावाला पोलीस ठाणंही मिळालं. दाजी बोटांवर मोजत होते: देव, त्यावर फळी, त्यावर चुंबक, त्यावर पोलीस. "हे लोक माझ्यासारखेच आहेत," ते भारावून म्हणाले. सासूबाईंना ही भक्ती अपेक्षित नव्हती. मला विचाराल तर त्या दिवशी गावात आलेल्या भाविकांत गावाची व्यवस्था नीट समजलेले ते एकटेच होते.

तेल त्यांनी दोन बाटल्या घेतलं, तेही दोन वेगळ्या दुकानांतून. एकाच दुकानातलं घेतलं आणि भेसळ निघाली तर दोन्ही बाटल्या जातील, हे त्यांनी दुकानदारालाच समजावून सांगितलं.

परतीच्या वाटेवर सुप्याच्या पुढे रसवंतीला थांबलो, तेव्हा फोन लागला. तिकडे नुकतं उजाडत होतं. शेजारी बिचारा तसाच धावत गेला. मासे ठीक, प्रवाळ ठीक, दोन्ही हीटर ठीक. झालं होतं असं, की त्याचे वडील साताऱ्याहून आलेत. आदल्या रात्री उशिरा लेकाबरोबर मासे बघायला आले होते. निघताना त्यांना तळघरात एक हिरवा दिवा दिसला. घरात माणूस नाही आणि हे उगाच जळतंय, म्हणून त्यांनी ते बटण बंद केलं. इंटरनेटच्या यंत्राला वीज गेल्यावरही वीज पुरवणारी बॅटरी होती ती. शेजारचं बटण पंपाचं. त्याच्यावर बोट ठेवलं तेवढ्यात वरून लेकाने हाक मारली.

दाजींनी उसाच्या रसाचा पेला खाली ठेवला. गोगलगायीची त्यांच्याकडे दोन उत्तरं होती, बर्फाच्या वादळाची तीन. वीज वाचवणाऱ्या सातारकर वडिलांची वहीत नोंदच नव्हती.

"त्या बटणांपाशी शनीचा फोटो लावा," सासूबाई म्हणाल्या. "कुणाची हात लावायची छाती व्हायची नाही."

"आई, शनीचा फोटो घरात लावत नाहीत," मेव्हणा म्हणाला.

दाजींनी वही उघडली. "तळघरात चालेल का?"