बंगल्यापुढे हिरवळ: कोटेशन वाचण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

श्रीगोंद्यात बंगला बांधून झाला, वास्तुशांत उरकली, की समोरच्या गुंठाभर मोकळ्या जागेकडे बघून घरातलं कुणीतरी म्हणतं, "इथं लॉन पाहिजे." त्या क्षणापासून खालील नियम लागू होतात.

१. कोटेशनं तीन मागवा: एक स्वस्त, एक महाग आणि एक मेहुण्याच्या ओळखीचं. काम मेहुण्याच्या माणसालाच जाणार असतं; उरलेली दोन त्याचा भाव पाडायला लागतात. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. इथं रुमालाच्या जागी लेटरहेड असतं, एवढाच फरक.

२. 'माती भरणे – लमसम' असं दिसलं की पेन काढा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सहा इंचांचा थर द्यायचा तर साडेपाच ब्रास माती लागते. ठेकेदार ट्रॉल्या मोजतो. तुम्ही टेप घेऊन ट्रॉलीवर चढा. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा, १०० ने भागा, ब्रास निघतील. वरची शीग बघून हुरळू नका, तळाला मुरूम आहे का तेही उकरून बघा.

३. 'पाम – १० नग' एवढ्यावर सही करू नका. फोटोत दुबई असते, टेम्पोतून उतरतो तो गुडघ्याएवढा. उंची आणि बुंध्याचा घेर लिहून घ्या. उंचीत पिशवी धरायची नाही.

४. कोटेशनात सगळं असतं, पाणी नसतं. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरा, गुंठ्याला पाचशे. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपला. कुकडी कालव्याच्या आवर्तनासाठी टेलचे शेतकरी रस्त्यावर बसलेले असताना लॉनवर फवारा सोडायला छाती लागते. तिचा दर कुणी लावत नाही.

५. करार स्टॅम्पवर करा. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा लागतो. इसार थोडा द्या, बाकी टप्प्याटप्प्यानं. ठेकेदार गॅरंटी तीन महिन्यांची देतो, जून ते ऑगस्ट. त्या दिवसांत खांबसुद्धा फुटतो. गॅरंटीत मे महिना घाला आणि शेवटचे दहा टक्के मेलेली झाडं बदलल्यावरच सोडा.

६. सहीआधी कोटेशन आजोबांना वाचून दाखवा. 'बर्म्युडा ग्रास, १०८९ चौरस फूट' इथं ते थांबवतील. नमुना त्यांच्या हातात द्या. ते पेर बघतील, मुळी तोडून बघतील आणि म्हणतील, "अरे, ही तर हरळी!" लिंबाच्या आळ्यातून हीच खुरपता खुरपता त्यांची कंबर वाकलेली असते. वाद घालू नका. वनस्पतिशास्त्रही त्यांच्याच बाजूनं आहे.

त्यांनी सुचवलेलं शेवटचं कलम मात्र करारात जरूर घाला: "लावायचा दर लिहिलाय, तसा उपटायचाही लिहून घे."