‘सावधान’नंतरची फ्रेम

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो की ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’. त्यानं कधीकाळी कुणाचा तरी रुसलेला प्रिंटर चालू करून दिलेला असतो, तेवढ्या पुण्याईवर ही ख्याती वर्षानुवर्षं टिकते. आमच्याकडे तो मान माझा. त्यामुळे “त्या व्हिडिओतून एक चांगला फोटो काढून दे ना,” ही फर्माईशही माझ्याकडेच येते, पातेल्यातून वाटीभर आमटी मागावी इतक्या सहज.

वरवर हिशेब बरोबर आहे. आपल्याकडचे शूटिंगवाले साधारणपणे सेकंदाला २५ चित्रं घेतात. तासाभराच्या कॅसेटमध्ये झाली ९०,०००. नव्वद हजारांत एक धड निघू नये?

काकूंना हवं होतं ते काकांचं हसू. काका फोटोत हसत नाहीत. समोर कॅमेरा दिसला की त्यांचा चेहरा आपोआप मतदार ओळखपत्रावरचा होतो. शाळेच्या ग्रुप फोटोपासून स्वतःच्या लग्नापर्यंत तोच. मात्र २००६ साली माझ्या भावाच्या लग्नात शूटिंगवाला आपल्याकडे वळलाय हे त्यांना कळलं नाही, आणि ते मनमोकळे हसले. “बघ ना, किती छान हसलेत हे!” काकू म्हणाल्या. व्हिडिओ चालू असताना खरंच छान हसले होते. मी तो थांबवला आणि पडद्यावर काकांच्या जागी काकांसारखं काहीतरी उरलं.

कारण व्हिडिओ गुळगुळीत दिसतो तो त्यातली चित्रं थोडी फरकटलेली असतात म्हणून. सेकंदाला २५ चित्रं घेताना शटर एक पन्नासांश सेकंद उघडं ठेवायचं, असा शूटिंगवाल्यांचा जुना रिवाज आहे. तेवढ्या वेळात हललेला हात पुसट होतो आणि पुढच्या चित्रात अलगद मिसळतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं तर एकेक फ्रेम कोरल्यासारखी येते, पण चालती माणसं अडखळत चालल्यासारखी वाटतात. शिवाय मंगल कार्यालयातला उजेड तो केवढा! शटरचा वेग वाढवला की अंधार पडतो, आणि जुन्या ट्यूबलाइट विजेच्या तालावर सेकंदाला शंभरदा लुकलुकत असल्यामुळे चित्रावर पट्टे येतात ते वेगळेच. म्हणून अक्षता टाकणाऱ्या हाताला बोटं नसतात, आणि अक्षता म्हणजे हवेतल्या पिवळ्या रेघा.

त्यातून ही कॅसेट मिनी डीव्हीची. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे अर्धा मेगापिक्सेलही नाही. तेही दोन हप्त्यांत टिपलेलं: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. मधल्या काळात जो हलला त्याच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. जो हलला नाही तो स्वच्छ येतो. लग्नाच्या कॅसेटमध्ये सर्वांत सुस्पष्ट काय असेल तर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागच्या रांगेत झोपलेले एक आजोबा.

पुढे मेमरी कार्डं आली तरी फार सुटका झाली नाही. त्या फायलींत बहुतेक फ्रेम पूर्ण नसतातच. अधूनमधून एक चित्र सबंध साठवायचं आणि बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढं नोंदवायचं; उरलेलं सगळं मागील पानावरून पुढे चालू. म्हणून फोटो काढायचा तर तो सबंध चित्राच्या आसपास मिळाला तर बरा. पण काका त्याच वेळी हसतील याची हमी कोण देणार?

माणसाच्या चेहऱ्याची तर वेगळीच कथा. पापणी लवायला सेकंदाचे एक-दोन दशांश लागतात. चालत्या चित्रात ते जाणवत नाही, पण थांबवलं की तेवढ्या चार-पाच फ्रेममध्ये माणूस अर्धवट गुंगीत दिसतो. बोलताना पकडलेला माणूस त्याहून वाईट. ‘सावधान’ म्हणणारे गुरुजीच घ्या. ‘सा’ला तोंड उघडं, ‘व’ला खालचा ओठ दातांशी, ‘धा’ला पुन्हा आ, आणि ‘न’ला कुठे चेहरा जागेवर येतो. मला तर ‘न’च्या पुढची फ्रेम सर्वांत भरवशाची वाटते. तिथे गुरुजी श्वास घेतात आणि अक्षता टाकायला वर गेलेले हात खाली येण्याआधी क्षणभर थबकतात. जिथे हालचाल दिशा बदलते तिथे ती मंद होते, एवढं एक भौतिकशास्त्र या धंद्यात खरोखर उपयोगी पडतं.

जगानं खरी मेहनत घेतली ती उलट्या दिशेनं. अमेरिकेत मायब्रिजनं १८७८ साली बारा कॅमेरे ओळीनं लावून धावत्या घोडीचे सुटे फोटो घेतले आणि पुढे अशाच फोटोंवरून पडद्यावर घोडे पळवले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका फ्रेमनं टिपली आणि पडद्यावर रोप भराभर उगवलं. थांबलेल्याला हलवणाऱ्यांची नावं इतिहासात गेली. हलत्याला थांबवणं मात्र पुतण्यांकडे आलं.

अगदीच कुणी केलं नाही असंही नाही. ‘एस्क्वायर’ मासिकाच्या जून २००९च्या मुखपृष्ठावरचा मेगन फॉक्सचा फोटो ग्रेग विल्यम्स यांनी रेड वन कॅमेऱ्यावर चित्रित केलेल्या फुटेजमधून उचललेला होता. आकाशनिरीक्षक तर रोज हेच करतात. दुर्बिणीतून गुरूचा व्हिडिओ घेतात, वातावरण थरथरत असताना चुकून स्थिर आलेल्या मोजक्या फ्रेम निवडतात आणि एकावर एक रचून एकच लख्ख चित्र बनवतात. पण गुरूही दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे व्हिडिओ लांबला की त्याचे पट्टे सरकलेले दिसतात. ग्रह धड स्थिर बसत नाही, तिथे काकांकडून काय अपेक्षा करायची! त्यांच्या चार फ्रेम एकावर एक ठेवल्या तर त्यांना दोन नाकं आली.

मग एका भाच्यानं कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपाय सुचवला. ती यंत्रणा पुसट चेहऱ्यात नसलेला तपशील स्वतःच्या अंदाजानं भरते. तिनं काकांच्या सुरकुत्या पुसल्या, भुवया रेखल्या आणि १९९८ साली पडलेला दातही परत बसवला. काकू बराच वेळ बघत राहिल्या. “चांगला माणूस दिसतोय,” त्या म्हणाल्या. “कोण आहे?”

शेवटी ‘न’च्या पुढची मूळ फ्रेमच ठरली, जराशी पुसट आणि कंगवा काढलेली. ती हवी कशाला होती, हे मला तेव्हा कळलं. काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त गल्लीतल्या मित्रमंडळाला फ्लेक्स लावायचा होता. दहा बाय आठ! मूळ फ्रेममध्ये काकांचा चेहरा जेमतेम दीडशे ठिपके रुंद, फ्लेक्सवर तो चार फूट. म्हणजे एकेक ठिपका आठ मिलिमीटरचा. मी हा हिशेब छपाईवाल्याला समजावला, तर तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “दादा, फ्लेक्स काय नाकाला लावून बघणार का?”

त्याचं बरोबर होतं. आठ मिलिमीटरचे ठिपके साध्या डोळ्याला सुटे दिसेनासे व्हायला पंचवीस-तीस मीटर लांब जावं लागतं. आमच्या गल्लीत तेवढं अंतर फक्त कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी मिळतं. परवानगी मिळून फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी काका तिथे जाऊन उभे राहिले, मग दहा पावलं पुढे आले, पुन्हा मागे गेले. गिऱ्हाइकं वळून बघत होती.

“इथून हसतोय मी,” त्यांनी मला ओरडून सांगितलं. “पण आवश्यक वाटलं तर पुढे येऊन गंभीर होता येतं. हे बरं केलंस.”