मननमामा

मराठी ख्रिस्ती मंडळीत एक पाळक असतो, एक खजिनदार असतो, एक पेटी वाजवणारा असतो आणि एक मननमामा असतो. पहिल्या तिघांची नेमणूक होते, चौथा आपोआप उगवतो. नगरकडच्या मंडळ्यांत तर हमखास. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच निघालं, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. त्यामुळे आमच्याकडच्या ख्रिस्ती माणसाला लिहायची खाज जन्मजात असते, असं मामांचं मत. आपणही त्याच परंपरेतले, फक्त छापखाना तेवढा मिळाला नाही, असं ते सांगतात. ती उणीव मोबाईलने भरून काढली.

मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. पवित्र शास्त्राचे अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की नाताळचा फराळ संपता संपता प्रकटीकरणही संपतं, हा त्यांचा हिशेब. पहाटे पाचला दिवा लागतो. टेबलावर रोजच्या वापरातलं शास्त्र, शेजारी पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची १९२४ सालची प्रत (ती उघडायची नाही, पाहुण्याला दिसली म्हणजे झालं) आणि पतसंस्थेने फुकट दिलेली डायरी. डायरीत पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, शास्त्रभाग, विषय, शेरा. शेरा म्हणजे मनन. साडेसहाला ते मंडळीच्या ग्रुपवर येऊन पडतं आणि पावणेसातपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. त्यातल्या किती जणांनी ते वाचलं, हे विचारायचं नसतं.

मामांच्या मननाची खुबी अशी की वचन कुठलंही असो, आदल्या दिवशी कोणीतरी केलेल्या आगळिकीला ते नेमकं लागू पडतं. गणनाच्या बाविसाव्या अध्यायात बलामाची गाढवी बोलते. मामांनी लिहिलं, "देव कोणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही, म्हणून कालच्या मीटिंगमध्ये मी सेक्रेटरींचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं." सेक्रेटरींनी त्या दिवशी हात जोडले नाहीत.

नोव्हेंबरात प्रेषितांची कृत्ये लागतात आणि युतुखाची पाळी येते. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, खिडकीत बसलेल्या या पोराला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेलेला म्हणून उचलला, पण पौलाने जाऊन त्याला कवटाळलं आणि तो जगला. मामांचा शेरा: "मागच्या बाकावरच्या तरुण संघाने बोध घ्यावा." पाळकसाहेबांनी लगेच आमेन टाकलं. तरुण संघातून एकाने विचारलं, "मामा, बोध बसणाऱ्याने घ्यायचा की बोलणाऱ्याने?" पाळकसाहेब त्यानंतर दिवसभर ग्रुपवर फिरकले नाहीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र. तुरुंगात बसलेला पौल तीमथ्याला कळवतो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, आणि हिवाळ्याच्या आत ये. विश्वासाची लढाई लढून झालेला म्हातारा शेवटी थंडीचं बोलतो, हे वाचून कोणाचंही मन हलेल. मामांचंही हललं. त्यांनी लिहिलं, "प्रेषितालाही झगा मागावा लागला. दिवाळीच्या सुट्टीत काहींचे स्वेटर पिंपरीला मुलाकडे राहिले आहेत. तिकडच्या तीमथ्यांनी शोध घ्यावा." स्वेटर चार दिवसांत कुरिअरने आला. मननाने फळ दिल्याची ही नोंद डायरीत लाल शाईने आहे.

घरात मात्र मामांचं फारसं चालत नाही. लूकचा दहावा अध्याय आला की त्यांना चेव चढतो. मार्था कामात गुंतली, मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि चांगला वाटा मरीयेनेच निवडला, हे ते स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात वाचतात. गेल्या खेपेला मामी आतूनच म्हणाल्या, "मग आज चहा मरीयेकडून घ्या." त्या दिवशी मनन पावणेआठला आलं आणि दोन ओळींत आटोपलं. शिवाय मामींचा आवडता अध्याय मत्तयाचा सहावा. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे कर, असं त्यात सांगितलंय. त्यावर मामांचं मनन अजून कोणी पाहिलेलं नाही. त्या तारखेला नेमकं नेटवर्क नसतं.

आता तुम्ही म्हणाल, हा तर नुसता दुसऱ्यांवर शेरे मारणारा माणूस. तसा आहेच. पण संकल्प करून वाचणाऱ्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. उत्पत्ती आणि निर्गम झपाट्याने होतात, जानेवारीच्या अखेरीस लेवीय लागतं आणि होमबली, चरबी, कुष्ठाची तपासणी यांत माणूस जो रुततो तो थेट स्तोत्रसंहितेत बाहेर निघतो. पुढचं गणना म्हणजे तर याद्याच. त्यातल्या सातव्या अध्यायात ८९ वचनं आहेत. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस अर्पणं आणतात आणि प्रत्येकाचं अर्पण अगदी एकसारखं: १३० शेकेलांचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, दहा शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, शिवाय तीच जनावरं. लिहिणाऱ्याने बाराही वेळा सगळं पूर्ण लिहिलंय.

यंदा फेब्रुवारीत मामांनी त्यावर लिहिलं: "छत्तीस वर्षं नोकरीत मी दुसऱ्या ओळीपासून 'वरीलप्रमाणे' लिहीत आलो. बाराव्या माणसाचं नाव मी कधी नीट वाचलंसुद्धा नाही. इथे बाराव्याचंही ताट वजनासकट लिहिलंय."

कोणावर टोमणा नाही, कोणाचं नाव नाही. मी दोनदा वाचलं. खाली नेहमीचे जोडलेले हात आलेच, त्यांच्याखाली एका ताईंनी मुलाच्या वाढदिवसाचा केक टाकला आणि मनन वर सरकून गेलं.

लेवीय ओलांडून दरवर्षी गणनाच्या सातव्यापर्यंत पोहोचणारा आमच्या मंडळीत हा एकच माणूस आहे. पाळकसाहेबांना विचारा, तेही नाही म्हणणार नाहीत.