इतर परिस्थिती कायम असताना

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियोजन आयोग अजून कामावर आहे. 1 जानेवारी 2015 रोजी त्याच्या जागी नीती आयोग आला, ही बातमी अर्थशास्त्राच्या कपाटापर्यंत पोचलेलीच नाही. त्या कपाटात रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जातो, देशाचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी येतो, ट्रकवाले जकात नाक्यावर खोळंबलेले असतात आणि देना बँकेचं अगदी सुरळीत चाललेलं असतं. एकंदरीत बरं आहे तिथे. कधीकधी मलाही त्या कपाटात राहायला जावंसं वाटतं.

ही पुस्तकं बोर्डाची नव्हेत. बोर्डाचं पुस्तक बदललं की मुकाट्याने घ्यायचं असतं. 2019 साली अकरावीचं बदललं, 2020 साली बारावीचं, तेव्हा आमचं मत कोणी विचारलं नाही. प्रश्न होता जाडजूड संदर्भपुस्तकांचा. त्यांच्या सुधारित आवृत्त्या घ्याव्यात, असा अर्ज मी दिला आणि ऐन मार्चात ग्रंथालय समितीची बैठक लागली.

‘‘अर्थशास्त्रात मुळात बदललंय काय?’’ प्राचार्यांनी सुरुवातीलाच विचारलं. ते गणिताचे. त्यांच्या विषयात पायथागोरसनंतर कोणी तक्रार केलेली नाही.

प्रश्न वाटतो तितका खोडसाळ नाही. अर्थशास्त्राचं निम्मं पुस्तक खरोखरच बदलत नाही. मार्शलसाहेबांचा ग्रंथ 1890 सालचा. तेव्हापासून मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतोय, आणि कुठल्याही पक्षाचं सरकार आलं तरी त्याने दिशा बदललेली नाही. रॉबिन्सची व्याख्या 1932 ची, तीही ठणठणीत आहे. पाणी इतकं उपयोगी असून स्वस्त आणि हिरा बिनकामाचा असून महाग का, हे कोडं ॲडम स्मिथने 1776 साली घातलं. ते मात्र मी मे महिन्याच्या आत शिकवून मोकळा होतो, कारण टँकर सुरू झाले की आमच्या गावात पाणी स्वस्त आहे हे मुलांना पटत नाही.

उरलेलं निम्मं पुस्तक छापखान्यातून बाहेर येईपर्यंत शिळं होतं. रिझर्व्ह बँकेची समिती दर दोन महिन्यांनी बसते, आणि तिने रेपो दर पाव टक्क्याने हलवला की एक अख्खा तक्ता गेला. मी हे तळमळीने सांगत होतो, तेवढ्यात इतिहासाचे सर म्हणाले, ‘‘ती जुनी पुस्तकं तुम्हाला नको असतील तर आमच्या कपाटात द्या. पंचवार्षिक योजना आम्हाला लागतातच.’’ माझा विषय दहा वर्षं ठेवला की त्यांचा होतो, हे त्यांनी इतक्या सौजन्याने सुचवलं की रागावताही येईना.

मग मी सॅम्युएलसनचा दाखला दिला. पॉल सॅम्युएलसन म्हणजे पाठ्यपुस्तकवाल्यांचा मुकुटमणी. 1948 साली पहिली आवृत्ती, पुढे 1970 साली नोबेल, आणि पुस्तक साठ वर्षं सुधारून सुधारून विकलं गेलं. या पुस्तकाच्या 1961 च्या आवृत्तीत एक अंदाज होता : सोव्हिएत रशियाचं राष्ट्रीय उत्पन्न 1984 ते 1997 च्या दरम्यान कधीतरी अमेरिकेला गाठेल. 1980 च्या आवृत्तीत तोच अंदाज 2002 ते 2012 वर सरकला होता. पुढे 1991 साली गाठणारा देशच उरला नाही. आमच्या नळपाणी योजनेच्या फलकावरची ‘काम पूर्ण होण्याची तारीख’ अशीच दरवेळी पुढे जाते, फक्त रंगाऱ्याला अजून नोबेल मिळालेलं नाही.

‘‘म्हणजे सुधारित आवृत्तीत नुसत्या तारखाच सुधारतात,’’ प्राचार्य म्हणाले. दाखला उलटा पडला होता. मी घाईघाईने मार्शलकडे परत गेलो. त्याच्या 1895 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने गिफेनचं निरीक्षण नव्याने घातलं : भाकरी महागली की गरीब माणूस भाकरी कमी न खाता जास्त खातो, कारण मांस घेण्याची ऐपतच उरत नाही. मागणीच्या नियमाचा हा सुप्रसिद्ध अपवाद आज बारावीला येतो. पहिल्याच आवृत्तीवर समाधान मानणाऱ्यांना तो कळलाच नसता! यावर समितीत क्षणभर शांतता पसरली. माझा मुद्दा पटला असावा, किंवा चहा आला होता.

भाऊसाहेबांनी नव्या आवृत्त्या मागवून चाळल्या होत्या. हेडक्लार्क असले तरी आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ‘‘सर, ह्यात महाराष्ट्राचे जिल्हे 36 लिहिलेत, बरोबर. पालघर 2014 ला झाला. पण लोकसंख्या तीच 11.24 कोटी, 2011 ची. जुन्या पुस्तकातही तीच आहे. मग आपण सात-आठशे रुपये देऊन एक जिल्हा घेतोय का?’’ 2021 ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही, त्याला मी काय करणार? दारिद्र्यरेषेचंही तेच. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी काढलेली रेषा : गावात माणशी महिना 816 रुपये, शहरात 1000. नव्या पुस्तकातही ती तिथेच. त्या 816 रुपयांत हे पुस्तक घेतलं तर महिनाभर जेमतेम चहा पिता येईल, असं वाणिज्यचे सर म्हणाले, आणि मग चहाचा भाव निघाला.

पण माझ्या अर्जाला खरा सुरुंग लावला ग्रंथपाल मॅडमनी. त्यांनी देवघेवीची नोंदवहीच टेबलावर ठेवली. कपाटातली बरीचशी पुस्तकं गेल्या कित्येक वर्षांत हललेली नव्हती, कारण मुलांना पर्यायी वस्तू उपलब्ध आहे : अपेक्षित प्रश्नसंच, गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स आणि क्लासची पीडीएफ. एकच पुस्तक मात्र सतत बाहेर होतं, आणि ते नेमकं सगळ्यात जुनं, पाठीला पट्टी लावलेलं, ज्यात जकात नाका आहे ते.

‘‘यालाच का मागणी?’’ मी विचारलं.

मॅडमनी पुस्तक उघडून दाखवलं. समासात पिढ्यान्पिढ्यांच्या पेन्सिली चालल्या होत्या. ‘आयएमपी’. ‘व्हेरी आयएमपी’. ‘मार्चला आला होता’. ‘सर हे सोडून देतात’. एका प्रकरणावर नुसतंच ‘देवाची शपथ, वाचू नका’. बोर्डाच्या 80 गुणांसाठी एवढं मोलाचं संशोधन मीही केलेलं नाही. जुनं झालं की वस्तूची किंमत उतरते, असं मी वर्गात शिकवतो. इथे ती वापरणाऱ्यागणिक चढत गेली होती. आणि माझी नवीकोरी सुधारित आवृत्ती मुलांच्या लेखी निरुपयोगी होती, कारण तिच्यात काय सोडायचं ते कोणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

प्राचार्यांना मार्ग सापडला. ‘‘जुनीच ठेवू. जिथे बदल झालाय तिथे सरांनी चिठ्ठ्या चिकटवाव्यात. नियोजन आयोगावर नीती आयोग, जकातीवर जीएसटी. डिंक ऑफिसातून घ्या.’’

मी संधी खर्चाचा सिद्धांत मांडला. चिठ्ठ्या चिकटवण्यात जाणारा माझा वेळ दुसऱ्या कामाला लावला असता तर किती मोल मिळालं असतं, हेही खर्चात धरायला हवं. ‘‘दुसरं काय काम आहे तुम्हाला?’’ प्राचार्यांनी आस्थेने विचारलं. वाणिज्यच्या सरांनी कागदावर शून्य लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटी भाऊसाहेबच माझ्या मदतीला आले. ग्रंथालयाच्या खात्यात थोडं अनुदान शिल्लक होतं आणि 31 मार्चला ते परत गेलं असतं. न खर्चलेला रुपया पुढच्या वर्षी मागता येत नाही, हा नियम मार्शलच्या कुठल्याच आवृत्तीत नाही, पण आमच्याकडे तोच सर्वांत कडक आहे. एका मिनिटात सुधारित आवृत्त्या अत्यावश्यक ठरल्या. तीन कोटेशनं मागवली. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, तरी तिन्हींवर जीएसटी क्रमांक हवाच होता, म्हणून त्यातलं एक परत गेलं.

ऑर्डर नक्की करायला मी दुकानदाराला फोन लावला. भला माणूस. म्हणाला, ‘‘सर, आत्ता घेऊ नका. जूनमध्ये ह्याचीच नवी आवृत्ती येतेय, सगळे आकडे ताजे. तुम्ही नेहमीचे, म्हणून सांगतो.’’

मी फोनवर हात ठेवून भाऊसाहेबांना विचारलं, काय करू?

‘‘त्यांना म्हणावं, पुस्तकं कुठली का असेनात,’’ भाऊसाहेब म्हणाले, ‘‘बिल तेवढं मार्चचं द्या.’’