साहेबांची प्रेरणा

प्रस्तुत लेखकाला साहेबपण मिळालं आणि त्याच आठवड्यात त्याची अशी पक्की समजूत झाली, की हिशेब विभागातली माणसं इतकी वर्षं प्रेरणेवाचून अडून बसली होती. ती वेळेवर येत होती, महिनाअखेरीची बिलं काढत होती, जीएसटीचं विवरणपत्र कधी चुकवत नव्हती. पण हे सारं त्यांच्याकडून प्रेरणेविनाच घडत होतं, याचं लेखकाला मनापासून वाईट वाटलं.

मग सोमवारची सभा सुरू झाली. चहा गार व्हायच्या आत संपवायची म्हणून ठरलेली ही सभा लेखकाचा आवाज एकदा लागला की दुसऱ्या चहापर्यंत जायची. तो ध्येयावर बोलायचा, संघभावनेवर बोलायचा आणि धोनीवर तर बोलायचाच, कारण धोनीचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे नेतृत्वावर बोलता येत नाही. शेवटी खुर्चीत जरा मागे रेलून तो विचारायचा, ‘‘कुणाला काही विचारायचंय?’’ हात एकच वर व्हायचा, हेडक्लार्क बाईंचा.

‘‘सर, टोनर संपलंय. बिलं फिकट येतायत.’’

हे ध्येयात कुठे बसवायचं ते लेखकाला कळत नसे. तरी तो ‘गुड पॉइंट’ म्हणून वहीत लिहून घेई.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये प्रेरणेच्या याच विषयावर लिहिलेला लेख आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत वाचायला देतात. पगार, बसायची जागा, कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस वैतागतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमतोच असं नाही, हे त्याचं म्हणणं. माणूस रमतो तो कामातच काही असलं तर, ते आपल्याला जमलं तर आणि जबाबदारी आपल्यावर सोपवली गेली तर. हे पटवताना त्यानं कुत्र्याला लाथ मारण्याचा दाखला दिला आहे. लाथ बसली की कुत्रा हलतो खरा, पण त्या सगळ्या प्रकारात प्रेरणा असते ती लाथ मारणाऱ्याला. सोमवारची सभा संपल्यावर विभागात सर्वांत टवटवीत चेहरा कुणाचा असतो, हे लेखकाला इथे आठवलं. त्यानं लेखाची प्रत खणात ठेवून दिली.

त्याच सुमारास ‘महिन्याचा मानकरी’ आला. लिफ्टसमोर चौकट, चौकटीत फोटो, खाली नाव. पहिली निवड गुणवत्तेवर झाली. त्यानंतर विभागानं ती भिशीसारखी आपसांत लावून घेतली. ज्याच्या घरी कार्य त्याचा नंबर आधी. मुलीच्या लग्नाआधी शिपाईमामा मानकरी झाले, कारण व्याही मंडळी कंपनी बघायला येणार होती. लेखक इमानदारीत गुणांचा तक्ता भरत राहिला आणि विभागाच्या शिफारशीतलं नावच तक्त्यातूनही येतं, याचं श्रेय त्यानं आपल्या निवडपद्धतीला दिलं.

इथे हॉथॉर्नचा विषय काढायला हवा. खरं म्हणजे हवाच असं नाही. पण लेखकाचा तो इतका लाडका आहे, की पानं घ्यायच्या आधी पाहुण्यांनाही ऐकावा लागतो.

शिकागोजवळच्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री तिथे बने. १९२४ साली तिथे दिव्यांचे प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला, काम वाढलं. ज्यांचा उजेड वाढवला नव्हता त्यांचंही वाढलं. मग उजेड कमी करत नेला. एका चाचणीत तर दोघी जणी जवळजवळ चांदण्याइतक्या उजेडात हात न थांबवता काम करत राहिल्या. १९२७ साली सहा जणींना वेगळ्या खोलीत बसवलं. पाच जणी टेलिफोनचे रिले जुळवायच्या, सहावी त्यांना सुटे भाग पुरवायची. त्यांना मधली सुट्टी दिली, ती वाढवली, सकाळचं खाणं दिलं, लवकर घरी सोडलं. उत्पादन चढत गेलं. पुढे सगळ्या सवलती काढून घेतल्या, तरी आठवड्याचं उत्पादन चढंच राहिलं.

हार्वर्डच्या एल्टन मेयोंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून अर्थ काढला, की माणसाकडे कुणी लक्ष दिलं की माणूस काम करतो. तेव्हापासून जगभरचे साहेब टेबलाटेबलांमधून ‘काय, कसं काय?’ करत हिंडत आहेत. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र शंका काढल्या. त्या मुलींची कमाई मोठ्या विभागाऐवजी त्यांच्या छोट्या गटाच्या कामावर ठरू लागली होती. शिवाय दोघींना, फार बोलतात म्हणून, मधेच हलवून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. म्हणजे लक्ष दिलं, पैशाची रीत बदलली आणि बोलणाऱ्यांना घालवलं. भाषणांत यातलं पहिलंच तेवढं येतं.

पण लेखकाचा खरा जीव आहे तो त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या एका खोलीवर. १९३१-३२मध्ये तिथे चौदा पुरुष टेलिफोन एक्स्चेंजच्या तारा जोडत होते. दिवसाला किती काम पुरे, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. त्याहून जास्त करणाऱ्याला टोपणनावं ठेवली जात, फार कमी करणाऱ्यालाही, आणि वर चहाडी करणाऱ्याला तर नक्कीच. नावानं भागलं नाही तर दंडावर एक ठोसा. खाणाऱ्याला एक ठोसा परत द्यायची मुभा होती. मग दोघंही कामाला लागत.

आपल्याकडे ठोशाची गरज पडत नाही. नवा मुलगा उशिरापर्यंत बसला की शेजारचा डबा पिशवीत भरता भरता म्हणतो, ‘‘काय रे, कंपनी नावावर करून घेतोयस का?’’ दुसऱ्या दिवशी मुलगा साडेपाचला लिफ्टमध्ये. ही खोली लेखकानं सोमवारच्या सभेत रंगवून सांगितली. विभागानं प्रथमच जीव लावून ऐकलं.

‘‘दिवसाला किती ठरलं होतं हो त्यांचं?’’ मागून कुणीतरी विचारलं.

‘‘दोन संच.’’

मागच्या रांगेतून समाधानाचा हुंकार आला.

असो. लेखकाला खरी चीड येते ती ‘तुम्हाला पूर्ण अधिकार आहेत’ या वाक्याची. हे वाक्य त्याला त्याच्या साहेबांनी ऐकवलं आणि त्यानं ते खाली जसंच्या तसं पोचवलं. हेडक्लार्क बाई कोट्यवधींची बिलं तपासतात. टोनर मागवायला मात्र त्यांना तीन सह्या लागत, त्यातली एक मुंबईच्या ऑफिसातली. रिट्झ-कार्लटनच्या हॉटेलांत पाहुण्याची अडचण सोडवायला साधा कर्मचारीसुद्धा, साहेबांना न विचारता, एका पाहुण्यामागे २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो, हे त्या साखळीचं गाजलेलं धोरण आहे. टोयोटाच्या कारखान्यांत खोट दिसली की कुणीही कामगार दोरी ओढू शकतो आणि ती वेळेत दुरुस्त झाली नाही तर अख्खी लाइन थांबते.

कॅलिफोर्नियात फ्रेमॉन्ट इथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला, तेव्हा तिथले कामगार कामचुकार म्हणून बदनाम होते. पाचातला एक गैरहजर असायचा. १९८४मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. माणसं बहुतेक तीच, युनियनही तीच. कामाची रीत बदलली, हातात ती दोरी आली, आणि गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास उतरली. हे उदाहरण लेखकानं एका प्रशिक्षणवर्गात सांगितलं. वर्ग घेणाऱ्यांना ते फार आवडलं. त्यांनी त्याची स्लाइड केली.

माणसं मुळात मागतात काय, हे एका जुन्या अर्जात दिसतं. मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. लोखंडे स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. गेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखम झाली तर बरं होईपर्यंत पगार. रविवार मिळायला १८९०चा जून उजाडला. मधल्या काळात, १८८६ साली, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, तोही कायद्यानं भाग पाडलं नसताना.

त्या अर्जात प्रेरणेची मागणी नाही. अंधारात उठून भोंग्याच्या आवाजाला धावणाऱ्या माणसाकडे ती पुरून उरेल एवढी होती. त्याला हवी होती भाकरी खायला उसंत.

एका संध्याकाळी लेखक विसरलेला चष्मा घ्यायला परत आला, तेव्हा हेडक्लार्क बाई फिकट बिलांवरचे आकडे पेनानं गिरवत बसल्या होत्या. आकडा लागला नाही म्हणून बिल परत आलं, की छोट्या पुरवठादाराचे पैसे पुढच्या महिन्यावर जातात, एवढंच त्या म्हणाल्या. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि ते कुठल्याही गुणांच्या तक्त्यात नव्हतं. लेखकाला काही बोलायला सुचलं नाही. प्रेरणादायी तर मुळीच नाही.

टोनरची सही आता बाईंची एकटीची आहे. सोमवारची सभाही चालू आहे. लेखकाला तेवढाच विरंगुळा.

वाचकांत कुणी साहेब असतील तर त्यांनी भाषणाची तयारी क्षणभर बाजूला ठेवावी आणि आपल्या सहीसाठी काय काय खोळंबलंय ते बघावं. त्यातलं निम्मं खालच्या माणसाच्या हवाली करता येतं. उरलेल्यातून गणपतीच्या रजेचे अर्ज आधी काढावेत आणि आजच सही करावी. कोकणच्या गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सकाळच्या चहाच्या आत संपतं.