गाईड-निरीक्षण : नवोदितांसाठी प्राथमिक धडे

जीवशास्त्रात किंवा जैवअभियांत्रिकीत पीएच.डी. करू इच्छिणारा उमेदवार साधारणपणे आधी शहर ठरवतो, मग संस्था, मग विषय. गाईडचं नाव तो मुलाखतीच्या आदल्या रात्री पाठ करतो. हा क्रम मुळातच उलटा आहे. पुण्यात एनसीएल, आयसर, एनसीसीएस आणि आघारकर, मुंबईत टीआयएफआर, आयआयटी आणि आयसीटी, खारघरला अॅक्ट्रेक, बेंगळुरूत आयआयएससी आणि एनसीबीएस, हैदराबादेत सीसीएमबी अशी यादी भिंतीवर चिकटवून तिच्याकडे भक्तिभावाने बघत राहिलं तरी जागा सापडत नाही, कारण जागा संस्थेकडे नसतेच. ती गाईडकडे असते. संस्था जाहिरात काढते, परीक्षा घेते, शुल्क घेते. पण पुढची पाच-सहा वर्षं ज्याच्या मर्जीवर, निधीवर आणि निवृत्तीच्या तारखेवर तुमचं बरंवाईट ठरणार, तो प्राणी वेगळाच. आणि प्राण्याचा अभ्यास कसा करावा हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी वेगळं शिकवायला नको: अधिवास, आहार, प्रजनन, आयुर्मान. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत फळमाशीला जेवढं लक्ष दिलं, त्याच्या निम्मं जरी गाईडला दिलं तरी पुरे.

सुरुवात आयुर्मानापासून करावी, कारण तिथला पुरावा छापील आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 संशोधक विद्यार्थी घेता येतात; निवृत्तीला 3 वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणजे विद्यापीठात नामवंत गाईडकडची जागा रिकामी होते ती विभागाच्या ठरावाने नव्हे, तर कुणाचा तरी प्रबंध जमा झाल्यामुळे. तुम्ही हेरलेल्या प्राध्यापकाकडचा सहाव्या वर्षातला विद्यार्थी अजून तोच वेस्टर्न ब्लॉट पुन्हा पुन्हा करत बसला असेल, तर तुमची जागा त्या ब्लॉटच्या न उमटणाऱ्या पट्टीत अडकलेली आहे. अशा वेळी त्या अनोळखी माणसाच्या व्हायवासाठी नवस बोलणं ही अंधश्रद्धा नव्हे, ते नियोजन होय. विद्यापीठाची ‘पेट’ ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन गाईडविना हिंडणारे उमेदवार यंत्रणेला शिव्या देतात. त्यात तथ्य असतं. पण परीक्षेआधी थोडी वजाबाकी केली असती तर शिव्या योग्य वेळी देता आल्या असत्या.

आहाराचा मुद्दा याहून मोठा. नेट-जेआरएफ मिळाली की पैशाचा प्रश्न मिटला असं घरचे धरून चालतात. 2023 च्या जानेवारीपासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, वर घरभाडं, अशी ही रक्कम आहे. ती पाच वर्षं मिळते. प्रबंधाला मात्र नियम सहा वर्षं देतो आणि पेशींना यातला कुठलाच आकडा ठाऊक नसतो. शिवाय फेलोशिप पोसते ती विद्यार्थ्याला, प्रयोगाला नव्हे. अँटीबॉडी, एन्झाइम, सिक्वेन्सिंग, उंदरांचा खर्च हे सगळं गाईडच्या ग्रँटमधून येतं, आणि ग्रँट संपली की उत्तमातला उत्तम विषयही शीतकपाटात उणे 80 अंशांवर जाऊन पडतो. यातलं पुष्कळसं सामान परदेशातून यायचं, त्यामुळे दिल्लीतल्या एका ओळीचाही परिणाम होतो: 2024 च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं मूळ सीमाशुल्क 10 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर नेलं गेलं आणि संशोधकांनी ओरड केल्यावर थोड्याच दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. परदेशात हा प्रश्न नसतो असं मानणाऱ्यांनी अमेरिकेतलं 2025 चं वर्ष आठवावं. सरकारी संशोधन निधीच्या अनिश्चिततेमुळे मॅसॅच्युसेट्समधल्या यूमास चॅन वैद्यकीय विद्यापीठाने जैववैद्यकीय पीएच.डी.चे देऊ केलेले प्रवेश परत घेतले. जर्मनीत पीएच.डी. ही बहुधा करारावरची नोकरी असते, बऱ्याचदा पूर्ण पगाराच्या 65 टक्क्यांवर; पण तो करारही कुठल्या तरी प्रकल्पाच्या पैशावरच उभा असतो. तेव्हा गाईडची पहिली चौकशी करायची ती अशी: सध्या कुठला प्रकल्प चालू आहे, केंद्राकडून निधी देणाऱ्या डीबीटीचा की एएनआरएफचा, आणि तो कधी संपतो?

प्रजनन, म्हणजे या गाईडच्या हाताखालून आजवर कोण बाहेर पडलं, हे तपासायला दुर्बीण लागत नाही. ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले आहेत. तिथे गाईडचं नाव घालावं आणि प्रबंध उघडून तिसरं प्रकरण नव्हे तर ऋणनिर्देश वाचावा. मराठी माणूस लग्नपत्रिकेत प्रेषकांचा क्रम ज्या बारकाईने बघतो, त्याच बारकाईने. ‘सरांनी दिलेल्या पूर्ण स्वातंत्र्याबद्दल’ असं लिहिलेलं असेल, तर सर बहुतेक दौऱ्यावर असत. ‘मॅडमच्या कडक शिस्तीमुळेच हे शक्य झालं’ याचा अर्थ रविवार गेला. गाईडला एक ओळ आणि वसतिगृहातल्या मित्रांना दोन पानं मिळाली असतील, तर त्या मित्रांपैकी कुणाला तरी गाठून चहा पाजावा. एखाद्या प्रबंधात आभार फार सुरेख, अगदी निर्दोष असतात. तो गाईडला वाचून दाखवलेला मजकूर समजावा आणि पुढचा प्रबंध उघडावा. मग शोधनिबंधांकडे वळावं. जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं, असा संकेत आहे. पहिल्या जागी दरवेळी पोस्टडॉकच दिसत असतील आणि विद्यार्थी कायम मधल्या गर्दीत उभे असतील, तर तुम्हीही तिथेच उभे राहणार. याहून भरवशाची पद्धत म्हणजे प्रत्यक्ष अधिवासात मुक्काम. ‘पद पूर्णतः तात्पुरते असून प्रकल्पाबरोबर संपुष्टात येईल’ अशी जी जाहिरात वाचून लोक पान उलटतात, ती प्रोजेक्ट असिस्टंटची थेट मुलाखत ही खरी संधी आहे. वर्षभरात गाईडला तुम्ही कळता आणि तुम्हाला गाईड, आणि दोघांपैकी कुणालाही मान खाली न घालता निरोप घेता येतो. काही संस्था पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला दोन-तीन प्रयोगशाळांतून फिरवून मगच गाईड ठरवू देतात. ही सोय जिथे आहे, तिथे अर्ज आधी भरावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो विषयनिष्ठांचा: मला कर्करोगावरच काम करायचंय, गाईड कुणी का असेना. ही निष्ठा आदरणीय आहे. पण कर्करोगावर काम करण्याची इच्छा म्हणजे प्रत्यक्षात एका प्रथिनाच्या एका टोकावर पाच वर्षं काम करण्याची तयारी, आणि ते टोक गाईड ठरवतो. दुसरा आक्षेप उपकरणांचा असतो, आणि त्यात दम आहे. महागडा सूक्ष्मदर्शक मोठ्या संस्थेतच असतो. जैवअभियांत्रिकीत कार्यशाळा, संगणनशक्ती, उद्योगांशी संबंध यांना खरोखर किंमत आहे, हे मान्यच करावं लागेल. तरीही उपकरण सामायिक असतं आणि त्याच्या वापराची पाळी वहीत लिहिलेली असते. त्या वहीत कुणाच्या प्रयोगशाळेचं नाव आधी लागतं, याची चौकशी केली की आपण पुन्हा गाईडपाशीच येतो. तिसरा आक्षेप नैतिक आहे: गुरूची अशी टेहळणी करावी का? गाईड मात्र तुमची गुणपत्रिका, शिफारसपत्रं, तुमच्या एम.एस्सी.च्या सरांना केलेला एक फोन, इतकं सगळं बघूनच ‘या’ म्हणतो. स्थळं बघताना दोन्हीकडून चौकशी होते. इथेच एका बाजूने लाजावं असं कुठल्याही नियमावलीत म्हटलेलं नाही.

एवढी तयारी झाल्यावर मेल लिहावा. ‘आपल्या सन्माननीय प्रयोगशाळेत मला अतिशय रस आहे’ हे वाक्य एकाच दिवशी चाळीस जणांना पाठवता येतं, आणि तेवढ्यासाठीच ते कुणी वाचत नाही. त्यातल्या एकाच्या मेलमध्ये दुसऱ्याचं नाव राहून गेलं असेल, तर मात्र तो मेल विभागभर वाचला जातो. त्याऐवजी त्यांच्या अलीकडच्या निबंधातला एक प्रयोग घ्यावा, त्यावर एक खरा प्रश्न विचारावा आणि शेवटी सरळ लिहावं: येत्या सत्रात आपल्याकडे जागा आहे का, आणि कुठल्या परीक्षेतून? उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदाच आठवण द्यावी. दरम्यान परीक्षा टाळू नये. नेट, गेट किंवा टीआयएफआर-एनसीबीएसची संयुक्त परीक्षा यांसारखी एक तरी हाताशी असल्याशिवाय ओळख झालेला गाईडही काही करू शकत नाही. ओबीसी उमेदवारांनी केंद्रीय संस्थांसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात आधीच काढून ठेवावा, राज्याच्या नमुन्यातला तिथे चालत नाही. अर्ज शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवू नये. शुल्क परत मिळत नाही.