चार बोटं

दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी कुणी आलं, की मी अर्ध्या ओढलेल्या शटरखालून उजव्या हाताची चार बोटं बाहेर काढतो. चारला या. तोंडाने काही बोलत नाही. बोललं की गिऱ्हाईकही बोलतं, मग ‘अहो, एकच रिफिल हवीय’ सुरू होतं आणि वरणभात गार होतो. नारायण पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान चालवायला लागून मला चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या चार बोटांनी किती लोकांचा तळतळाट घेतला, याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता. तो कांचीपुरमला ठेवला जात होता.

जायचं कारण आत्या. वय ७९. सप्तपुऱ्यांपैकी अयोध्या, मथुरा, हरिद्वार, काशी, उज्जैन, द्वारका अशा सहा तिच्या झालेल्या. सातवी कांची, म्हणजे हेच कांचीपुरम, आणि दक्षिणेतली ती एकटीच. “सहा झाल्या नि एक राहिली, म्हणजे भिशीचा शेवटचा हप्ता बुडवल्यासारखं आहे रे,” असं ती दर श्रावणात म्हणायची. बायकोही लगेच तयार झाली. इतकी लगेच, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. देवदर्शनाला निघालेली बाई मोबाइलमध्ये जावेच्या साडीच्या काठाचा फोटो कशाला घेईल?

चेन्नईला जाणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या अरक्कोणमला थांबतात. तिथून कांची तीसेक किलोमीटर. आम्ही सकाळी पोचलो. मग आत्याची अंघोळ, आत्याचं स्तोत्र, स्तोत्रातली एक ओळ चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून स्तोत्र. मग न्याहारी. कांचीपुरम इडली म्हणजे मिरी, जिरं, सुंठ घातलेली, उंच साच्यात उकडून चकत्या कापलेली इडली. वरदराजाच्या देवळात ती नैवेद्याला असते. आत्याने एक चकती बोटाने दाबून पाहिली, “आपल्याकडे याला ढोकळा म्हणतात,” असा निकाल दिला आणि तीन खाल्ल्या. मी पाच. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

एकांबरेश्वराच्या दारी पोचलो तेव्हा बारा चाळीस झाले होते. समोर ५९ मीटर उंचीचं गोपुर. कृष्णदेवरायाने १५०९ साली बांधलेलं. मान मागे टाकून बघता बघता माझी टोपी पडली. ती उचलायला वाकलो, तर दरवाजा बंद. बाजूला स्टुलावर एक लुंगीवाले गृहस्थ मांडीवर डबा घेऊन दहीभात खात होते. मी म्हणालो, “दर्शन?” त्यांनी घास चावत माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताची चार बोटं दाखवली.

तोंडाने काही बोलले नाहीत. काय सांगू, मला इतकं घरचं वाटलं! तोच थंडपणा, तीच नजर, गिऱ्हाइकाच्या दुःखापासून तेच सुरक्षित अंतर. “लांबून आलोय हो, पुण्याहून,” मी हिंदीत म्हणालो. त्यांनी दहीभाताला लोणचं लावलं. ‘लांबून आलोय’ म्हणणाऱ्या कोथरूडच्या गिऱ्हाइकांना मी आजवर दुसरं काय केलं होतं?

तमिळनाडूत देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात. देव झोपतो. आपल्याकडेही देवाला झोपवतात, पण इथे सबंध गावातले देव एका वेळी झोपतात. शिवकांची झोपते, विष्णुकांची झोपते, कामाक्षी झोपते. कांचीत त्या वेळी फक्त एक गोष्ट टक्क जागी असते. ती आम्हाला रिक्षावाल्याने सांगितली. “टेंपल क्लोज. फोर ओपन.” मग जरा थांबून, एखाद्या वैद्याने नाडी पाहून म्हणावं तसं, बायकोकडे बघत: “सिल्क?”

माझं आजही मत आहे की हे वेळापत्रक कुण्या भटजीने नव्हे, रेशमाच्या व्यापाऱ्याने लावलं असणार.

दुकानात पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर आम्ही तिघं, हातात फिल्टर कॉफी. विक्रेत्याने पहिली साडी हवेत उडवली ती पसरतच खाली आली. मग दुसरी. मग दहावी. मी दुकानदाराच्या नजरेने बघत होतो. माझ्याकडे कुणी दोनशे पानी वही उघडली तर ‘घ्यायची असेल तरच हात लावा’ असं मी म्हणतो, आणि हा मनुष्य सेहेचाळीस साड्यांच्या घड्या मोडून हसत होता. सेहेचाळीस मी मोजल्या. दुसरं काम नव्हतं.

एक मात्र शिकलो. अस्सल कांचीवरमचे काठ आणि अंग वेगवेगळं विणतात. त्याला कोरवै म्हणतात. तीन धोटे असतात. विणकर एका बाजूला बसतो, शेजारी एक हाताखालचा माणूस, आणि दोघं मिळून काठाचा धोटा आणि अंगाचा धोटा दर ओळीला एकमेकांत अडकवत जातात. त्या जोडाला जवळून पाहिलं तर करवतीच्या दात्यांसारखी बारीक नक्षी दिसते. विक्रेत्याने जोडाच्या दोन्ही बाजू मुठीत धरून जोर लावून ओढल्या. साडी जागची हलली नाही. मी हललो, कारण किमतीची चिठ्ठी माझ्या बाजूला होती. गंमत म्हणजे रेशीम येतं कर्नाटकातून आणि जर येते सुरतेहून. कांचीचे ते फक्त हात. त्या हातांना या चिठ्ठीतलं किती मिळतं, हे मी विचारलं, तर विक्रेत्याला एकदम हिंदी येईनासं झालं.

आत्या जरीकडे वळली. तिने नखाने एक तार हळूच खरवडली. आतून लाल रेशमाचा धागा दिसला. “खरी आहे,” ती म्हणाली, आणि बायकोने माझ्याकडे पाहिलं. हायकोर्टानंतर सुप्रीम कोर्टातही हरल्यावर माणूस जसा शांत होतो तसा मी शांत झालो. आकडा इथे छापत नाही, कारण बायकोने तो माहेरी निम्माच सांगितला आहे.

बरोबर चारला पुन्हा एकांबरेश्वर. मघाचे गृहस्थ आता शर्ट घालून उभे होते. त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही चारनंतर दाखवत नाही.

इथलं लिंग वाळूचं. पंचमहाभूतांपैकी हे पृथ्वीतत्त्व. पार्वतीने आंब्याखाली वाळूचं लिंग करून तपश्चर्या मांडली, शंकराने परीक्षा पाहायला नदीला पूर आणला, तर तिने लिंगाला मिठी मारून ते वाचवलं, अशी कथा. म्हणून त्याच्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत. हे मी बायकोला सांगत असताना ती साडीची पिशवी छातीशी घट्ट धरून उभी होती. कथा तिला पूर्ण पटलेली दिसली. मागे तो आंबा. साडेतीन हजार वर्षांचा, चार फांद्या म्हणजे चार वेद, प्रत्येक फांदीच्या फळाची चव निराळी, असं सांगतात. आत्याने वर बघत विचारलं, “हापूस कुठल्या वेदात?” कुणी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी कामाक्षी. हातात उसाचं धनुष्य घेऊन पद्मासनात बसलेली. कांचीतल्या शंकराच्या देवळांत देवीला वेगळा गाभारा नसतो, कारण सगळ्यांची मिळून कामाक्षी एकच. म्हणजे शंकर गावभर विखुरलेले आणि बाई आपल्या स्वतंत्र घरात, मधोमध. बायको म्हणाली, “अहो, हे किती सुटसुटीत आहे!”

दुसऱ्या दिवशी मात्र मी सूड उगवला. पहाटे पाचला दोघींना उठवलं. बारापर्यंत सात तास, एकही साडीचं दुकान उघडायच्या आत कैलासनाथ!

कैलासनाथाबद्दल मी फारसं विनोदाने लिहू शकत नाही. पल्लव राजा राजसिंहाने आठव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं, वालुकाश्माचं, कांचीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक देऊळ. अंगणाभोवती ५८ छोट्या देवळ्या रांगेने, काहींत जुन्या रंगाचे तुकडे अजून टिकलेले. गर्दी नाही, नारळवाले नाहीत. सकाळचं कोवळं ऊन त्या दगडी सिंहांच्या जबड्यात शिरत होतं. आत एका खांबावर जुना कन्नड लेख आहे. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांची जिंकली आणि या देवळाची संपत्ती न लुटता देवालाच परत दिली, असं त्यात कोरलंय. पुढे त्याच्या राणीने त्या विजयाप्रीत्यर्थ पट्टदकलला देऊळ बांधलं, आणि त्या वळणावर पुढे आपल्या वेरूळचं कैलास लेणं उभं राहिलं. मी त्या खांबाशी बराच वेळ उभा होतो. तो कांची जिंकून सगळं परत देऊन गेला. मी काहीही न जिंकता सगळं देऊन चाललो होतो.

गाभाऱ्याभोवती एक चिंचोळा प्रदक्षिणामार्ग आहे. आत शिरायचं भोक गुडघ्याएवढं, बाहेर यायचंही तसंच. रांगत जायचं, रांगत यायचं. जो बाहेर येतो त्याला पुन्हा जन्म नाही. आत्या पदर खोचून मांजरीसारखी आत गेली आणि पलीकडून बाहेरही आली. मग मी. आत गेलो. बाहेर येताना खांदे आले, डोकं आलं आणि तिथे आदल्या दिवशीच्या पाच इडल्यांनी आपलं मत दिलं. मी अडकलो. पुढे मोक्ष, मागे जन्म-मरणाचा फेरा, आणि मधे मी. पुजारी तमिळमध्ये काहीतरी शांतपणे सांगत होते. “अरे, श्वास सोड सगळा!” आत्या ओरडली. “अहो, उजव्या कुशीवर वळा!” बायको. माझ्या मागे अंधारात एक तेलुगू कुटुंब आपल्या मोक्षाची वाट बघत थांबलं होतं. त्यांतल्या कुणीतरी माझ्या तळपायाला, मला वाटतं नमस्काराच्या निमित्ताने, जोर लावला. मी बाहेर आलो. झब्ब्याचं एक बटण आत राहिलं. त्या बटणाला आता पुनर्जन्म आहे की नाही, मला ठाऊक नाही.

वैकुंठ पेरुमाळाचं देऊळ पळतच केलं. तिथे तीन मजल्यांवर विष्णू तीन अवस्थांत आहे: बसलेला, आडवा, उभा. सकाळी गल्ल्यावर, दुपारी एक ते चार, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी. मला लगेच कळलं.

अकराला वरदराज. इथल्या मंडपाच्या कोपऱ्यांना एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतात. कपाळावरचं गंध इंग्रजी यूसारखं म्हणणारे आणि वायसारखं म्हणणारे वैष्णवांचे दोन पंथ या देवळातल्या मानपानावरून शंभराहून जास्त वर्षं कोर्टकचेऱ्या करताहेत. आमच्या सोसायटीचं पार्किंग अजून नवव्या वर्षात आहे. छतावर सोन्या-चांदीने मढवलेल्या दोन पाली आहेत. त्यांना हात लावला की अंगावर पडलेल्या साऱ्या पालींचा दोष जातो. घरी पाल दिसली की बायको डायनिंग टेबलावर चढते आणि मला झाडू आणायला लावते. इथे तिने रांगेत उभं राहून दोन्ही पाली चांगल्या दाबून पाहिल्या.

पण मला जिंकलं ते पुष्करिणीने. तिच्या पाण्याखाली अत्ती वरदर झोपलेला असतो. अत्ती म्हणजे औदुंबर. त्या लाकडाची ही मूर्ती चाळीस वर्षांतून एकदा बाहेर काढतात, ४८ दिवस दर्शनाला ठेवतात, आधी शयनात, मग उभी, आणि परत पाण्यात. मागे १९७९, मग २०१९, आता २०५९. २०१९ला लाखो लोक आले होते. मी पायरीवर बसूनच राहिलो. चाळीस वर्षं बंद, आणि गिऱ्हाईक रांगेत! आम्ही तीन तास बंद ठेवतो तर लोक विनोद करतात.

आत्याने बोटांवर हिशेब केला. “मी तेव्हा ११३ ची. तू ९५ चा. दुकान सुनेवर टाक नि मला घेऊन ये.”

वरदराजाच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. “टेंपल क्लोज,” रिक्षावाला म्हणाला. मी त्याला चार बोटं दाखवली आणि सरळ लॉजवर जाऊन झोपलो. उठलो तेव्हा दोघी खोलीत नव्हत्या.

पहिली साडी सध्या मलमलच्या कपड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. बायको ती भाचीच्या लग्नाला बाहेर काढणार आहे म्हणते. भाची सातवीत आहे.